पेपर न वाचताच परत येतोय? तो कोणत्या दारात अडला ते आधी शोधा

"सर, पेपर परत उना. आते काय करू?"

असा फोन मला वर्षातून दहा-बारा वेळा येतो. कधी शिरपूरहून, कधी शहाद्याहून, कधी आमच्याच स्टाफरूममधून. मी रावेर-यावल पट्ट्यातल्या एका महाविद्यालयात भूगोल शिकवतो. पहिले दोन पेपर छापून येईपर्यंत मला इतके हेलपाटे पडले की पुढे लोक विचारायला लागले. फोनवर तेच तेच सांगत राहण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहून ठेवतो.

तक्रार सगळ्यांची जवळपास सारखीच असते. दोन-तीन वर्षं काम केलं, गाईडनी वाचलं, इंग्रजीच्या सरांकडून भाषा तपासून घेतली, जर्नलला पाठवलं आणि तिसऱ्या दिवशी पेपर परत. काहीतरी दुरुस्त करून पुन्हा पाठवला, पुन्हा परत. तिसऱ्या खेपेला माणूस खचतो. "आपल्याकडच्या कॉलेजचे पेपर ते घेतच नाहीत," असं म्हणायला लागतो. मीही एकेकाळी तेच म्हणत होतो. नंतर इतरांचे परतीचे मेल बघायला लागलो, तेव्हा ध्यानात आलं की त्यातल्या बहुतेक पेपरांमधलं संशोधन अजून कोणी उघडूनही पाहिलेलं नव्हतं. ते वाचणाऱ्यापर्यंत पोचलेच नव्हते.

त्यामुळे पेपरला हात लावण्याआधी परतीचा मेल पुन्हा उघडा आणि तीन गोष्टी बघा. पाठवल्यापासून किती दिवसांनी आला? खाली सही कोणाची आहे, संपादकीय कार्यालयाची की एडिटरच्या नावाची? आणि क्रियापद कोणतं आहे? "सेंट बॅक टू ऑथर" किंवा "अनसबमिटेड" म्हणजे दुरुस्तीसाठी परत. "रिजेक्ट" किंवा "डिक्लाइन" म्हणजे नाकारला. या दोन्हींवरचे उपाय पूर्णपणे वेगळे आहेत. पहिल्या प्रकारात लोक दुसऱ्याचा उपाय करत बसतात आणि सहा महिने जातात.

दोन-चार दिवसांत, कार्यालयाच्या सहीने परत आला असेल तर

हे पहिलं दार, आणि हा नकार नाही. मोठ्या जर्नलमध्ये पेपर आधी कार्यालयातल्या माणसाच्या हातात पडतो. त्याच्यासमोर एक यादी असते आणि तो फक्त त्या यादीप्रमाणे फाईल तपासतो. तुमच्या विहिरींचं पाणी कसं आहे, तुमची कविता कोणत्या बोलीतली आहे, याच्याशी त्याचा संबंध नसतो. यादीतलं काही कमी असलं की पेपर परत. तुमच्या खात्यात ती नोंद तशीच असते, तिथेच दुरुस्ती करून पुन्हा पाठवायची. नवी नोंद उघडायची नाही. आणि तोच पेपर दुसऱ्या जर्नलला तर मुळीच पाठवायचा नाही.

हे शेवटचं वाक्य मी ठासून लिहितोय, कारण धुळ्याच्या एका मित्राचं यात खूप नुकसान झालं. त्यांनी परतीचा मेल नकार समजून पेपर दुसरीकडे टाकला. आठवड्याने पहिल्या जर्नलचं स्मरणपत्र आलं, तेव्हा "बरं झालं, पुन्हा संधी मिळाली" म्हणून तिथेही दुरुस्ती करून दिली. एकच पेपर एकाच वेळी दोन ठिकाणी. दोन्हीकडे दिलगिरीची पत्रं लिहून एका ठिकाणाहून तो मागे घ्यावा लागला. ते मनाने साफ माणूस आहेत, पण समोरच्याला पत्रातून मन दिसत नाही. दुसरीकडे पाठवायचंच असेल तर आधी पहिल्या जर्नलला लेखी कळवून पेपर मागे घ्या, त्यांचं उत्तर येऊ द्या, मगच पुढे.

माझा स्वतःचा भूजलावरचा पेपर या पहिल्याच दारातून चार वेळा परत आला. काय काय चुकलं ते सांगतो, कारण नव्वद टक्के लोक याच चार ठिकाणी अडतात असं माझं निरीक्षण आहे.

पहिल्यांदा ओळींना क्रमांक नव्हते. रिव्ह्यूअरला, म्हणजे पेपर तपासणाऱ्या विषयतज्ज्ञाला, "ओळ २१४ मध्ये अमुक" असं लिहिता यावं म्हणून ते लागतात. वर्डमध्ये लेआऊटमध्ये जाऊन लाईन नंबर्स आणि त्यात कंटिन्युअस निवडायचं. प्रत्येक पानावर नव्याने एकपासून सुरू होणारे क्रमांक चालत नाहीत. एका मिनिटाचं काम आहे.

दुसऱ्यांदा तक्ते चित्ररूपात होते. एक्सेलमधून उचलून चित्र म्हणून चिकटवले होते, दिसायला छान दिसत होते. पण जर्नलला तक्ता असा हवा असतो की त्यातला आकडा बदलता येईल. वर्डच्या टेबलमध्येच बनवा.

तिसऱ्यांदा नावं. हा आपल्याकडचा खास घोटाळा आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. आपल्या सर्व्हिस बुकात, गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं, मग नाव, मग वडिलांचं किंवा पतीचं. जर्नलच्या फॉर्ममध्ये पहिला रकाना नावाचा आणि शेवटचा आडनावाचा. सवयीने आपण पहिल्या रकान्यात पाटील लिहून मोकळे होतो. पेपरच्या पहिल्या पानावर मात्र नाव बरोबर क्रमाने असतं. फॉर्म आणि पान जुळलं नाही की पेपर परत. भगिनींच्या बाबतीत लग्नाआधीचे पेपर एका नावाने, नंतरचे दुसऱ्या, प्रमाणपत्र तिसऱ्याच. शिवाय खान्देशात एकाच आद्याक्षरांचे पाटील, चौधरी, महाजन, सोनवणे किती असतील याची गणती नाही. तुमचा पेपर दुसऱ्याच्या खात्यावर जमा होतो आणि कळतही नाही.

यावर ऑर्किड क्रमांक, म्हणजे संशोधकाचा स्वतःचा ओळख क्रमांक, हा खरा उपाय. २०१२ पासून सुरू आहे, फुकट मिळतो, सोळा अंकांचा असतो (शेवटच्या जागी कधी एक्स हे अक्षर येतं) आणि नाव बदललं तरी क्रमांक बदलत नाही. आजच काढा आणि सहलेखकांनाही काढायला लावा. मग आपलं नाव इंग्रजीत कसं लिहायचं ते एकदाच ठरवा, आयुष्यभर तसंच ठेवा. संस्थेच्या नावाचंही तेच. जळगावचं आपलं विद्यापीठ १९९० साली स्थापन झालं आणि २०१८ साली त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव मिळालं. अजूनही कोणी जुनं नाव लिहितं, कोणी आद्याक्षरं, कोणी पूर्ण नाव. एकाच पेपरात तीन लेखकांनी तीन प्रकारे लिहिलेलं मी पाहिलं आहे. सध्याचं पूर्ण नाव, सगळ्यांनी अक्षरशः सारखं.

चौथ्यांदा नकाशा. अभ्यासक्षेत्राचा नकाशा मी गुगल अर्थवरून स्क्रीनशॉट घेऊन त्यावर विहिरींचे ठिपके टाकले होते. स्रोताचा उल्लेख नाही, प्रमाणपट्टी नाही, अक्षांश-रेखांश नाहीत, आणि अक्षरं इतकी बारीक की छापल्यावर मुंग्या दिसतील. आता मी क्यूजीआयएसमध्ये स्वतः नकाशा काढतो. हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि शिकायला दोन शनिवार पुरतात. एखाद्या शासकीय अहवालातला नकाशा जसाच्या तसा घ्यायचा असेल तर लेखी परवानगी लागते. चित्रांची स्पष्टता छायाचित्रांसाठी किमान ३०० डीपीआय आणि रेषांच्या आलेखांसाठी त्याहून बरीच जास्त मागतात. नेमका आकडा जर्नलच्या सूचनांमध्ये असतो. व्हॉट्सअॅपवरून आलेला फोटो कधीही वापरू नका, तो वाटेतच दाबला जाऊन बारीक झालेला असतो.

चार दोष, चार फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीत आठवडा-दहा दिवस गेले. खरी चूक वेगळीच होती: दुसऱ्या मेलमध्ये तीन मुद्दे होते, मी पहिला वाचून घाईने तेवढाच दुरुस्त केला. मेलची छापील प्रत काढा, प्रत्येक मुद्द्यापुढे पेनाने खूण करा. आणि मेलमध्ये नसलेलंही तपासा, कारण कार्यालय पहिला दोष सापडला की तिथेच थांबू शकतं.

पेपरच्या शेवटी येणारी निवेदनंही याच दारात अडवतात. निधी कोणी दिला, हितसंबंधांचा संघर्ष आहे का, माहिती कुठे उपलब्ध आहे, कोणत्या लेखकाने काय केलं, नैतिक समितीची मान्यता आहे का. आपण म्हणतो, निधी मिळालाच नाही तर लिहायचं काय? "कोणताही निधी मिळालेला नाही" हेच लिहायचं. कोरी जागा चालत नाही. लेखन किंवा भाषांतरासाठी एआय वापरलं असेल तर तेही अनेक जर्नल्स आता विचारतात. वापरलं असेल तर लिहा, लपवू नका. एआयचं नाव लेखकांत घालता येत नाही.

नैतिक मान्यतेबद्दल एक विनंती. नंदुरबार-अक्राणी भागात पावरा, भिल्ल बांधवांकडून वनौषधींची माहिती गोळा करणारे बरेच विद्यार्थी आहेत. मुलाखतीआधी संमती घ्या, समितीची मान्यता घ्या. काम झाल्यावर मागच्या तारखेचं पत्र कोणीही देऊ नये आणि मागूही नये. ज्यांनी आपल्या घरात बसवून माहिती दिली, त्यांच्याशी एवढी सचोटी तरी ठेवायलाच हवी. वनस्पतीची ओळखही एखाद्या मान्यताप्राप्त हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) नमुना जमा करून, त्याचा क्रमांक देऊन पक्की करा. वनस्पतिशास्त्राची जर्नल्स त्याशिवाय पुढे जात नाहीत.

परतही आला नाही आणि पुढेही सरकत नाही

ही तक्रार कमी ऐकू येते, पण जास्त दुखवते. अमळनेरच्या एका ताईंनी सांगितलं, "सर, अडीच महिने झाले, काहीच उत्तर नाही." त्यांच्या खात्यात जाऊन पाहिलं तर पेपर गेलेलाच नव्हता. काही प्रणालींमध्ये सगळ्या फाईली चढवल्यावर प्रणाली त्यांची एकत्र पीडीएफ बनवते. ती पीडीएफ तुम्ही उघडून बघायची आणि मग "अप्रूव्ह" करायचं, तेव्हा पेपर जर्नलकडे जातो. ताईंनी फाईली चढवल्या, पीडीएफ बनायला वेळ लागला, वीज गेली आणि पुढचा टप्पा राहून गेला. खात्यात "लेखकाच्या मान्यतेच्या प्रतीक्षेत" अशा अर्थाच्या इंग्रजी ओळीखाली पेपर दहा आठवडे पडून होता.

त्यामुळे पेपर पाठवल्याची खूण म्हणजे मेलवर आलेली पोच. ती आली नाही तर पेपर गेला नाही, असंच धरा. स्पॅममध्येही बघा. कॉलेजच्या मेलवर पोच येणार असेल तर तो मेल चालू आहे ना, याची खात्री करा. कॉलेजच्या डोमेनचं नूतनीकरण राहिलं की सगळ्यांचे मेल बंद पडतात, हे मी दोनदा पाहिलं आहे. कॉरस्पॉन्डिंग ऑथरने, म्हणजे जर्नलशी पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाने, नियमित बघितला जाणारा दुसरा मेलही द्यावा.

काही जर्नल्स सहलेखकांनाही दुवा पाठवतात: "या पेपरात तुमचं नाव आहे, मान्य आहे का?" निवृत्त गाईड सर मेल आठवड्यातून एकदा बघतात आणि तोवर पेपर थांबतो. पेपर पाठवतानाच त्यांना फोन करा: "सर, एक मेल येईल, तेवढा उघडा."

देवनागरी अक्षरं तुटून परत आला

भाषेवर, लोकसाहित्यावर काम करणाऱ्यांसाठी हा भाग लिहितोय. त्यांना मदत करणारे फार थोडे आहेत आणि अहिराणीवर खूप काम व्हायचं बाकी आहे.

त्याच ताईंचा पेपर अहिराणीच्या क्रियारूपांवर होता. कार्यालयाने तो परत पाठवला, कारण उदाहरणं वाचताच येत नव्हती. त्यात दोन वेगवेगळे आजार होते. अर्धी उदाहरणं श्रीलिपीमध्ये टाइप केलेली होती. अशा जुन्या फॉन्टमध्ये संगणकाच्या पोटात खरं मराठी अक्षर नसतंच. रोमन अक्षरांच्या जागेवर मराठी आकार बसवलेले असतात. तुमच्या मशीनवर फॉन्ट आहे म्हणून तुम्हाला मराठी दिसतं, जर्नलच्या मशीनवर निव्वळ कचरा दिसतो. उपाय एकच: सगळा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करा आणि रूपांतर झाल्यावर ओळीओळीने वाचा. जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडतात.

दुसरा आजार युनिकोडमधलाच, आणि तो शोधायला आम्हाला आठवडा लागला. "काय करी ऱ्हायना" या वाक्यातला चंद्रकोरीसारखा अर्धा र. हा टाइप करण्याच्या दोन रीती आहेत. एका रीतीत साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह टाकतात. जर्नलची प्रणाली फाईल घेताना कधी कधी ते अदृश्य चिन्ह गाळते, आणि मग ऱ्ह चा र वर जाऊन रफार होतो. मराठी माणूस तो शब्द तरीही ओळखेल. पण ध्वनीवरच लिहिलेल्या पेपरात असा शब्द म्हणजे चुकीचा पुरावा झाला. दुसरी रीत अशी: खाली टिंब असलेला ऱ घ्यायचा आणि त्याला हलन्त लावायचा. त्यात अदृश्य काही नसतं, म्हणून ते प्रवासात टिकतं. ताईंच्या पेपरातले सगळे अर्धे र आम्ही फाइंड-रिप्लेसने असे बदलले आणि तो प्रश्न संपला.

एवढं करूनही प्रणालीने बनवलेल्या पीडीएफमध्ये वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटलेली दिसू शकते. वर्डमध्ये फाईल, ऑप्शन्स, सेव्ह या वाटेने जाऊन फॉन्ट फाईलमध्येच बसवा. शिवाय तुमच्या मशीनवर बनवलेली पीडीएफ पूरक फाईल म्हणून जोडा आणि कव्हर लेटरमध्ये (पेपरसोबत एडिटरला जाणाऱ्या पत्रात) एका ओळीत सांगा की अक्षरांसाठी ती प्रमाण मानावी. लाटेकमध्ये काम करत असाल तर झीलाटेक किंवा लुआलाटेक वापरा. साध्या पीडीएफलाटेकला युनिकोड देवनागरी पेलत नाही. भाषाशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय जर्नलला पाठवणार असाल तर प्रत्येक उदाहरण तीन ओळींत द्या: रोमन लिप्यंतर, शब्दागणिक अर्थ आणि व्याकरणाच्या खुणा, मग पूर्ण वाक्याचा अर्थ. लाइपझिग पद्धत म्हणतात तिला. देवनागरी न वाचणाऱ्या रिव्ह्यूअरला तुमचा मुद्दा दिसण्याची तीच वाट आहे.

आठवड्या-दोन आठवड्यांनी, एडिटरच्या नावाने नकार आला असेल तर

हे दुसरं दार, आणि इथला अडथळा फाईलचा नसतो. एडिटरने शीर्षक, सारांश, कव्हर लेटर आणि बहुधा शेवटची दोन पानं पाहून ठरवलेलं असतं की हा पेपर रिव्ह्यूला पाठवायचा नाही. "आउट ऑफ स्कोप" किंवा "स्थानिक महत्त्वाचा" असे शब्द येतात. इथे ओळींचे क्रमांक सुधारून काही होत नाही.

माझ्या पेपरचं मूळ शीर्षक "रावेर तालुक्यातील भूजलाच्या गुणवत्तेचा अभ्यास" असं होतं. आपल्यासाठी हा जिव्हाळ्याचा विषय. पण ब्राझील किंवा स्पेनमधल्या एडिटरने हा पेपर का वाचावा, याचं उत्तर त्या शीर्षकात नव्हतं. ते उत्तर आपल्या जमिनीतच होतं, मीच ते मांडलं नव्हतं. सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोटे, वाळू आणि मातीचा जो बझाडा पट्टा आहे, त्यात पाणी झपाट्याने मुरतं आणि खोल जातं. वर केळीला भरपूर पाणी आणि भरपूर नत्र. मग वरचं नायट्रेट खालच्या थरापर्यंत कसं उतरतं? डोंगरपायथ्याचे असे पट्टे आणि त्यांवरची बागायत जगात अनेक ठिकाणी आहे. त्यामुळे हा प्रश्न एकट्या रावेरचा राहत नाही. नवं शीर्षक केलं: "डोंगरपायथ्याच्या खोल गाळात नायट्रेट कुठवर उतरतं: तापी खोऱ्यातील केळी पट्ट्यातला दोन हंगामांचा पुरावा". माहिती तीच, विहिरी त्याच. या वेळी पेपर रिव्ह्यूला गेला.

याचा अर्थ गावाचं नाव लपवा असा नाही. रावेर, यावल, तापी हे सगळं नावानिशी यायलाच हवं. फक्त शीर्षकात आधी प्रश्न यावा, मग जागा. केळीवर काम करणाऱ्यांनाही मी हेच सांगतो: जगात सर्वांत जास्त केळी भारतात पिकते आणि आपल्याकडची ग्रँड नैन ही कॅव्हेंडिश गटातली, म्हणजे जगभर निर्यात होणाऱ्या केळीच्याच घराण्यातली. उन्हाळ्यात जळगावचा पारा पंचेचाळिशीला टेकतो, त्या उष्णतेत या बागा तग धरतात. हे एडिटरला पहिल्या परिच्छेदात सांगा, त्याला आपोआप ठाऊक असेल असं समजू नका.

कव्हर लेटर बहुतेक जण "आदरणीय महोदय, सोबत पेपर जोडला आहे, कृपया स्वीकार व्हावा" एवढंच लिहितात. रजेच्या अर्जासारखं. एडिटरला पटवून द्यायची तुमच्याकडे तीच एक जागा आहे. मी तीन छोटे परिच्छेद लिहितो. पहिल्यात प्रश्न आणि तो अजून का सुटलेला नाही. दुसऱ्यात आम्हाला काय सापडलं, आकड्यासह. तिसऱ्यात हा पेपर याच जर्नलच्या वाचकांना का उपयोगी आहे, आणि त्यासाठी त्या जर्नलमध्ये अलीकडे आलेल्या एक-दोन पेपरांशी आपलं नातं. तसा एकही पेपर सापडत नसेल तर ते जर्नल आपलं नाही, हे तिथेच कळतं.

एडिटर न वाचता परत पाठवतो याची शास्त्रीय कारणंही असतात, आणि ती प्रत्येक विषयाची वेगळी. माझ्या विषयातलं एक उदाहरण देतो, त्यावरून आपल्या विषयातलं ताडून बघा. पाण्यातलं नायट्रेट दोन प्रकारे सांगतात, नायट्रेट म्हणून किंवा नायट्रोजन म्हणून. भारतीय मानक १०५०० (२०१२) नुसार पिण्याच्या पाण्यात मर्यादा ४५ मिलिग्रॅम प्रति लीटर, जागतिक आरोग्य संघटनेची ५०, दोन्ही नायट्रेट म्हणून. अमेरिकेची मर्यादा १०, पण ती नायट्रोजन म्हणून. दोन्हींत जवळपास साडेचार पटींचा फरक आहे. तक्त्यात नुसतं "नायट्रेट, मिग्रॅ/ली" लिहून अमेरिकी मर्यादेशी तुलना केली की अनुभवी एडिटर तिथेच पान मिटतो. तसंच आयनांचा ताळेबंद: धन आणि ऋण भार मिलिइक्विव्हॅलंटमध्ये मोजून त्यांतला फरक साधारण पाच टक्क्यांच्या आत आहे हे दाखवलं नाही, तर सगळ्या विश्लेषणावरच शंका येते. आमच्या सहा नमुन्यांत तो जास्त निघाला. ते नमुने आम्ही पुन्हा तपासून घेतले आणि पेपरात तसं लिहिलं. ते लिहिल्याने कोणी नाव ठेवलं नाही, उलट रिव्ह्यूअरने त्याबद्दल चांगलं म्हटलं.

साम्य जास्त म्हणून परत आला

जर्नल तुमचा मजकूर साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढतं. आपल्याकडे बहुतेक जणांच्या मनात १० टक्क्यांचा आकडा पक्का बसला आहे, कारण विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. तो नियम आपल्या संस्थांसाठी आहे. जर्नलचे निकष त्यांचे त्यांचे असतात. एकूण साम्य आठच टक्के, पण ते सगळं एकाच पेपरातून उचललेलं, तर तो पेपर परत येणारच.

आपल्याकडे सर्वांत जास्त साम्य स्वतःच्याच प्रबंधाशी निघतं. प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारावर चढलेला असतो आणि पेपर त्याच्याच प्रकरणावरून केलेला. बहुतेक जर्नल्सना प्रबंधावर आधारित पेपर चालतो. पण तो तसा आहे हे कव्हर लेटरमध्ये आधीच सांगायला हवं आणि प्रबंधाचा उल्लेख पेपरातही हवा. न सांगता सापडला की संशय येतो. कार्यपद्धतीचा भाग मूळ पान मिटून, आठवून नव्याने लिहा. शब्द फिरवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढू नका. त्यात "भूजल पातळी" चं काहीतरी विचित्र होऊन बसतं आणि अर्थच जातो.

या सगळ्यात एक धोका

पेपर दोन-तीनदा परत आला की नेमका तेव्हाच एखादा मेल येतो: तीन दिवसांत प्रकाशन, दीड-दोन हजार रुपये, प्रमाणपत्रासह. खचलेल्या माणसाला तो आधार वाटतो. माझ्या ओळखीच्या काही हुशार मुलामुलींचं चांगलं काम अशा ठिकाणी गाडलं गेलं, याचं मला फार वाईट वाटतं. एकदा तिथे छापलं की तोच पेपर चांगल्या जर्नलला देता येत नाही.

"यादीत आहे" हा शब्द पुरेसा धरू नका. मे २०१८ मध्ये आयोगाने स्वतःच्याच मान्य यादीतून ४,३०५ जर्नल्स काढून टाकली होती. नंतरची यूजीसी-केअर यादीही फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली. आता पारख आपल्यालाच करायची आहे. आयएसएसएन क्रमांक असणं म्हणजे दर्जा नव्हे, ती फक्त नोंद आहे. संपादक मंडळातल्या दोन जणांच्या त्यांच्या विद्यापीठाच्या पानावर त्या जर्नलचा उल्लेख आहे का ते बघा. जर्नलमधले जुने चार पेपर वाचा. नामांकित जर्नलच्या नावाची हुबेहूब बनावट वेबसाइटही असते, म्हणून मेलमधल्या दुव्यावरून जाऊ नका. आणि पीएचडीसाठी घाई असेल तर हे माहीत असू द्या: नोव्हेंबर २०२२ च्या नियमावलीत आयोगाने प्रबंधाआधी पेपर छापण्याची सक्ती काढली आहे. आपल्या विद्यापीठाचा सध्याचा नियम काय, ते विभागात विचारून घ्या.

रिव्ह्यूला गेला, पण महिने उलटले

स्थिती "अंडर रिव्ह्यू" झाली म्हणजे दोन्ही दारं ओलांडली. आता तीन महिने शांत राहा. एडिटरला रिव्ह्यूअर मिळवायलाच कित्येकदा महिना-दोन महिने लागतात. स्थितीसमोरची तारीख मधूनच बदलते, तेवढ्याने घाबरायचं कारण नाही.

तीन महिन्यांनंतर विचारायला काहीच हरकत नाही. आपल्याकडे लोकांना वाटतं विचारलं तर एडिटर रागावेल. रागावत नाहीत. पत्र चार ओळींचं ठेवा: पेपरचा क्रमांक, शीर्षक, पाठवल्याची तारीख, खात्यात सध्या दिसणारी स्थिती, आणि "निर्णयाला साधारण किती वेळ लागेल ते कळवाल का" एवढा एक प्रश्न. रिव्ह्यूअर मिळत नसतील तर आणखी तीन नावं सुचवायची तयारी दाखवा. ती आपल्या गाईडची, सहलेखकांची किंवा आपल्याच विद्यापीठातली नकोत. त्या विषयावर अलीकडे लिहिणारे, आपण कधी न भेटलेले लोक असावेत, आणि त्यांचे संस्थेचे मेल द्यावेत. अमळनेरच्या ताईंनी असंच पत्र पाठवलं. नवव्या दिवशी एडिटरचं उत्तर आलं, की दुसरा रिव्ह्यूअर मिळाला आहे.